नीलवंत आणि भिरूड: सह्याद्रीतलं एक फुलपाखरू, एक भुंगेरा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फुलपाखरू आणि भुंगेरा यांच्यातला फरक सांगा, असा प्रश्न वहीत आला की उत्तर ठरलेलं असतं. एक नाजूक, एक टणक. एक दिवसा उडतं, एक रात्री. एक उपयोगी, एक उपद्रवी. यातलं शेवटचं तर टिकतच नाही, आणि बाकीचं नुसतं वरवरचं आहे. शिवाय ‘फुलपाखरं’ म्हणजे भारतात तेराशेच्या वर जाती आणि ‘भुंगेरे’ म्हणजे त्याच्या कितीतरी पट. सगळ्यांची एकदम तुलना करायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणून इथे दोनच कीटक घेतले आहेत: नीलवंत, ज्याला राणी पाकोळी किंवा ब्लू मॉरमॉन असंही म्हणतात, आणि आंबा-फणस पोखरणारा लांब मिशांचा भुंगेरा, म्हणजे कोकणातल्या बागायतदारांचं भिरूड.

हीच जोडी का निवडली?

दोघं एकाच जंगलात राहतात, हे पहिलं कारण. दोघं जंगल सोडून आपल्या परसातही येतात, हे दुसरं. नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खातात, त्यामुळे पपनस किंवा लिंबू लावलेल्या अंगणात तो हमखास फिरकतो. भिरूड तर थेट आंब्याच्या खोडातच शिरतं.

शास्त्राच्या दप्तरी दोघांची नोंदही एकाच वर्षी झाली, १७७५ साली. नीलवंताला पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर हे नाव हॉलंडच्या क्रामरने दिलं. भुंगेऱ्याचं वर्णन स्वीडनच्या दे येअरने केलं. आज त्याला बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा म्हणतात. पुढे दोघांचं नशीब वेगळं निघालं. महाराष्ट्राने जून २०१५ मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असा मान एखाद्या फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. भिरूड मात्र ज्या झाडाला आतून पोखरतं ते आंब्याचं झाड आपला राज्यवृक्ष आहे!

दोघांना ओळखायचं कसं?

नीलवंत न ओळखणं अवघड आहे. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर. महाराष्ट्रात याहून मोठी फुलपाखरं फारच थोडी. पुढचे पंख मखमली काळे, त्यांवर निळसर राखी पट्ट्यांची ओळ. मागचे पंख फिकट निळे आणि त्यांवर काळे टपोरे ठिपके. शेपट्या नाहीत. पंखाच्या खालच्या बाजूला, अगदी मुळाशी, तांबडे डाग असतात. मादी नरापेक्षा मळकट दिसते, निळ्यात हिरवट-करडी झाक असते, आणि तिच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी वरूनही तांबडा डाग दिसतो.

भिरुडाचा प्रौढ भुंगेरा तीन ते साडेपाच सेंटिमीटर लांब, राखाडी-तपकिरी असतो. पाठीवर पिवळट-नारिंगी ठिपके विखुरलेले, आणि डोक्यामागच्या भागावर दोन ठसठशीत नारिंगी-तांबूस डाग. त्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक अणकुचीदार काटा. मिशा शरीराच्या लांबीएवढ्या, नराच्या तर त्याहून लांब. आंब्याच्या सालीवर तो स्वस्थ बसला की समोर असूनही चटकन दिसत नाही.

भुंगेऱ्याला पंख असतात का? पाठीवर तर नुसतं कवच दिसतं.

ते कवच म्हणजेच पंख. दोघांनाही पंखांच्या दोन-दोन जोड्या आहेत, फक्त पुढच्या जोडीचं काम वेगळं आहे. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक होऊन झाकण बनलेत. उडायची वेळ आली की ती झाकणं बाजूला उघडतात आणि घडी घालून ठेवलेले मागचे पातळ पंख बाहेर येतात. उडून झालं की पुन्हा घडी, पुन्हा झाकण. यामुळे भुंगेरा सालीच्या फटीत घुसू शकतो, लाकडातून वाट काढत बाहेर येऊ शकतो, आणि तरी त्याचे पंख फाटत नाहीत.

फुलपाखराला असली सोय नाही. त्याचे चारही पंख उघडे असतात, त्यांवर बारीक खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात, आणि सगळा रंग त्या खवल्यांचा असतो. पक्ष्याने पंखाचा तुकडा तोडला तरी ते बऱ्यापैकी उडतं. पावसाळा संपता संपता दिसणाऱ्या नीलवंतांपैकी अनेकांचे पंख असेच चिंध्या झालेले असतात.

फुलपाखराच्या पंखाची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो का?

नाही. ती पूड म्हणजे वर सांगितलेले खवले. डोळ्यात गेली तर कुठलीही धूळ खुपावी तशी खुपेल, पाण्याने धुवून टाकायची. फुलपाखराला बोटांत धरू नये हे मात्र खरं, पण ते त्याच्या भल्यासाठी: गेलेले खवले पुन्हा उगवत नाहीत.

दोघं काय खातात?

प्रौढ नीलवंत सोंडेने मध पितो: पिटकुळी (इक्झोरा), जास्वंद, घाणेरी, भारंगीच्या जातीची झुडपं. भुंगेऱ्याला सोंड नसते, जबडे असतात. प्रौढ भिरूड कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातं. पण खाण्याची खरी गोष्ट अळीच्या वयातली आहे, आणि ती खाली आलीच आहे.

अंडी कुठे घालायची हे मादीला कसं कळतं?

नीलवंताची मादी झुडपांच्या कडेने हळूहळू उडत जाते, एका पानावर टेकते, उठते, पुढच्यावर टेकते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं तिचं काही ठरत नाहीये. प्रत्यक्षात ती पानाची चव घेत असते, पायांनी. पॅपिलिओ गटातल्या माद्या पुढच्या पायांनी पानावर झपझप आघात करतात आणि पानातली रसायनं पायावरच्या संवेदकांनी ओळखतात. माकडलिंबू, किरमिरा (ही लिंबाच्याच कुळातली रानझुडपं), पपनस किंवा लिंबू आहे अशी खात्री पटली की पानावर एकच अंडं ठेवून ती पुढे जाते. एका जागी अंड्यांचा ढीग लावत नाही. एक अळी सापडली म्हणून सगळी पिल्लं पक्ष्याच्या तोंडी जाऊ नयेत, आणि पानांसाठी भावंडांत मारामारी होऊ नये, असा दुहेरी फायदा.

भिरुडाची मादी पानांकडे ढुंकूनही पाहत नाही. तिला झाड हवं असतं, तेही शक्यतो खचलेलं: फांदी मोडलेलं, वीज पडलेलं, मुळाशी पाणी साचून कुजू लागलेलं, म्हातारं. अशा झाडाचा वास बदलतो. मादी रात्री येते, जबड्याने सालीला चीर पाडते आणि त्या चिरेत एक अंडं सरकवते. मग दुसरी चीर, दुसरं अंडं. अशी दोनशेपर्यंत अंडी ती घालू शकते. नीलवंताची मादी अळीचं पान निवडते. भिरुडाची मादी अळीचं अख्खं घरच निवडते, कारण त्या अळीला तिथून हलताच येणार नसतं.

अळ्यांमध्ये काय फरक आहे?

सगळा फरक इथेच आहे. प्रौढ कीटकांची कितीही चित्रं शेजारी ठेवलीत तरी तो कळणार नाही.

नीलवंताची अळी उघड्यावर जगते. अंड्यातून चार-पाच दिवसांत बाहेर येते आणि पहिले काही टप्पे हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते: तपकिरी, पांढरे डाग, ओलसर चकाकी. पक्षी आपली शीट खात नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर तिचं बालपण निभावतं. मोठी झाली की शिटेचं सोंग शोभेनासं होतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात कात टाकून ती हिरवीगार होते आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे खोटे डाग येतात. तरीही कुणी डिवचलं तर डोक्यामागून एक तांबडट, दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तिला सहा खरे पाय असतात आणि पोटाखाली मांसल आधारपायांच्या पाच जोड्या, म्हणून ती पानाच्या कडेवर सहज चालते.

भिरुडाच्या अळीला पायच नाहीत. पाय कशाला हवेत? ती लाकडात असते, चारही बाजूंना भिंत. अंग फुगवून बोगद्याच्या भिंतींना टेकायचं आणि पुढे सरकायचं. रंग मळकट पांढरा, डोकं गडद, जबडे पोलादी कामाचे. पूर्ण वाढली की नऊ सेंटिमीटरपर्यंत लांब आणि अंगठ्याएवढी जाड होते. आधी ती सालीखालच्या रसाळ थरात वळणावळणाने फिरते, मग गाभ्यात घुसते. तिला रंग नको, सोंग नको, वास नको. कोण बघतंय?

आता वेळ पाहा. नीलवंताची अळी तीन-चार आठवड्यांत कोषात जाते; अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण दीड महिन्यात उरकतो. भिरुडाला त्यासाठी बहुतेक वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. कारण साधं आहे. कोवळ्या पानात प्रथिनं असतात, पाणी असतं. लाकडात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. आहे ते सेल्युलोज आणि लिग्निन, म्हणजे पचायला सगळ्यांत अवघड माल. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या स्वतःची विकरं (एन्झाइम) आणि पोटातले सूक्ष्मजीव यांच्या बळावर तो थोडाथोडा पचवतात. म्हणून भसाभस खायचं, ढीगभर भुसा टाकायचा आणि सावकाश वाढायचं. सुरक्षित घर आणि निकस अन्न एकीकडे, सकस अन्न आणि उघडा माळ दुसरीकडे. दोघांनी आपापला सौदा केलेला आहे, आणि रंग, मिशा, पंख या सगळ्या गोष्टी त्या सौद्यातून आल्या आहेत.

आमच्या दिव्यावर एकाच जातीचे एक लहान, एक मोठा असे भुंगेरे आले. लहान ते मोठ्याचं पिल्लू का?

नाही. पंख फुटले की वाढ थांबते. हे भुंगेऱ्यालाही लागू आहे आणि फुलपाखरालाही. लहान भुंगेरा लहानच राहणार. अळीच्या वयात त्याला लाकूड कमी किंवा निकस मिळालं, फांदी लवकर वाळली, एवढाच त्याचा अर्थ. भिरुडात हा फरक मोठा असतो, कारण पानं संपली तर फुलपाखराची अळी दुसऱ्या फांदीवर जाते. लाकडातल्या अळीला झाड बदलता येत नाही. छोटं निळं फुलपाखरू दिसलं की ‘नीलवंताचं बाळ’ म्हणणारेही भेटतात. ती वेगळीच जात असते.

कोष कुठे असतो?

नीलवंताची अळी फांदीला शेपटाकडून चिकटते आणि पाठीमागून रेशमाचा एक धागा घेऊन स्वतःला बांधून घेते. कोष पानासारखा हिरवा किंवा काटकीसारखा तपकिरी, आणि दहा-पंधरा दिवसांत फुलपाखरू बाहेर. भिरूड खोडातच एक कोनाडा कोरून कोषात जातं. भुंगेरा तयार झाला तरी लगेच निघत नाही. कवच घट्ट होईपर्यंत आतच थांबतो आणि मग साल फोडून बाहेर येतो. मागे करंगळी सहज जाईल एवढं गोल भोक राहतं.

कोण जास्त जगतं?

सगळं आयुष्य धरलं तर भिरूड, काही प्रश्नच नाही. प्रौढ नीलवंत काही आठवडे जगतो, प्रौढ भिरूड काही महिने. पण ‘फुलपाखराचं आयुष्य किती’ असं विचारताना आपण फक्त पंखवाले दिवस मोजतो, हे ध्यानात असू द्या. भिरुडाने तर आयुष्याचा बराच मोठा भाग अंधारात, एकट्याने, लाकूड चावण्यात घालवलेला असतो.

दोघं कधी आणि कुठे बघायला मिळतील?

नीलवंतासाठी पावसाळा आणि त्यानंतरचे महिने, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. सकाळी ऊन तापू लागलं की जंगलातल्या पायवाटा, ओढ्याचे काठ, रानातल्या उघड्या जागा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर, माथेरान, महाबळेश्वर, फणसाड, राधानगरी, आंबोली, गोव्यात मोले: कुठेही दिसेल. सरळ उडत नाही, वर-खाली हेलकावत झपाट्याने जातो. त्यामुळे त्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. फुललेली पिटकुळी शोधा आणि तिथे बसून राहा.

भिरुडासाठी पहिला पाऊस. जून-जुलैच्या रात्री जंगलाजवळच्या घरांच्या, विश्रामगृहांच्या दिव्यांवर ते येतं. दिवसा हवं असेल तर आंबा, फणस, उंबर, काटेसावर यांच्या जुन्या खोडांकडे नीट पाहा. बुंध्याशी ताजा ओलसर भुसा पडलेला असेल तर आत कुणीतरी आहे.

ओल्या वाळूवर एवढी फुलपाखरं जमतात ती का?

क्षारांसाठी, मुख्यतः सोडियमसाठी. पानं आणि मध यांत ते फार कमी असतं. चिखलावर जमणारे बहुतेक नर असतात. ते क्षार साठवतात आणि मिलनाच्या वेळी शुक्रपेशींबरोबर मादीकडे देतात, तिथून ते अंड्यांत जातात. ओढ्याकाठी नीलवंत असा तंद्री लागल्यागत बसलेला असतो तेव्हाच त्याचा फोटो निघतो. भिरूड असं काही करताना दिसत नाही.

भुंगेरा पकडला की चिरचिर आवाज करतो. ओरडतो का?

आवाज तोंडातून येत नाही. छातीचे दोन भाग तो एकमेकांवर घासतो आणि त्यातून करकर होते. पक्ष्याने किंवा माकडाने चोचीत-हातात धरलं तर दचकून सोडून द्यावं, हा हेतू असावा. माणसावरही तो बऱ्यापैकी साधतो. नीलवंत मात्र मुका.

भुंगेरा चावतो का? विषारी आहे का?

विषारी नाही. बोट जबड्यात सापडलं तर जोरात चिमटा बसेल आणि रक्तही येऊ शकेल, कारण तो जबडा लाकडासाठी बनलेला आहे. हाताळायचाच असेल तर दोन्ही बाजूंच्या काट्यांच्या मागे धरा. अंगावर फोड आणणारे भुंगेरे असतात, पण ते वेगळे: अंगाने मऊ, बहुधा लाल-काळे पट्टे असलेले, फुलांवर दिसणारे. त्यांना उघड्या हाताने पकडू नये.

यांना कोण खातं?

नीलवंताच्या अळ्या पक्षी, कोळी, प्रार्थनाकीटक, गांधीलमाश्या यांच्या ताटात जातात. काही बारीक परजीवी माश्या तर अळीतच अंडी घालतात आणि कोषातून फुलपाखराऐवजी माश्या निघतात. भिरुडाच्या अळीपर्यंत पोचणं सोपं नाही. ते काम सुतारपक्ष्याचं. खोडावर टकटक करून पोकळी हेरायची, लाकूड फोडायचं आणि लांब जीभ आत घालून अळी ओढायची. नऊ सेंटिमीटरची चरबीदार अळी म्हणजे सुताराला दिवसभराची बेगमी. बाहेर आलेल्या भुंगेऱ्यांवर घुबडं टपलेली असतात.

आमच्या हापूसच्या कलमाला भिरूड लागलंय. काय करावं?

भुसा आणि चिकट रस कुठल्या भोकातून येतो ते शोधा. टोकाला आकडा केलेली तार आत घालून भुसा काढा आणि जमलं तर अळीच ओढून बाहेर काढा. नंतर कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा भोकात घालून तोंड चिखलाने लिंपून टाका. औषध कोणतं आणि किती, हे शेजाऱ्याला न विचारता कृषी अधिकाऱ्याला किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारा. पार वाळलेल्या फांद्या कापून जाळून टाका, तशाच बागेत रचून ठेवू नका. जूनपासून रात्री दिव्यावर येणारे प्रौढ वेचून मारता येतात.

लक्षण उशिरा दिसतं ही खरी अडचण आहे. एकेक फांदी पिवळी पडते, पानं झडतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. तोवर आतली अळी कित्येक महिन्यांची झालेली असते. पुरंदरच्या अंजीरवाल्यांनाही हाच किडा छळतो. अंजिराच्या झाडांबरोबर तो इस्रायलमध्येही बस्तान बसवून आहे आणि कॅरिबियन बेटांवरही पोचला आहे. काजूचा रोठा म्हणजे याच कुळातला दुसरा भुंगेरा. तिथेही उपाय साधारण असेच.

मग जंगलात भिरुडाला उपद्रवी का मानत नाहीत?

कारण जंगलात म्हातारं झाड पडणं हा तोटा नसतो. हापूसच्या बागेत प्रत्येक झाड कुणाच्या तरी कर्जाच्या हप्त्याशी बांधलेलं असतं. जंगलात खचलेल्या झाडाला भिरूड लागतं, ते पोकळ होतं, त्या बोगद्यांतून पाणी आणि बुरशी आत जाते, लाकूड मऊ पडतं. मग सुतार ढोली करतो. सुताराने सोडलेल्या ढोलीत तांबट नव्हे (तो आपली आपण कोरतो) पण पोपट, साळुंक्या, पिंगळे राहायला येतात. शेवटी खोड कोसळतं, छत्र उघडतं, ऊन जमिनीवर येतं आणि तिथे नवी झुडपं उगवतात. त्यांत माकडलिंबू असेल तर तिथे नीलवंत अंडी घालणार. भिरूड नसतं तर हे सगळं झालंच नसतं असं नाही, पण फार सावकाश झालं असतं.

तरीही जंगलात लाकूड पोखरणारे भुंगेरे कधीच त्रास देत नाहीत, असंही नाही. मध्य प्रदेशातल्या सालवनांत १९९०च्या दशकाच्या शेवटी सालबोरर या याच कुळातल्या भुंगेऱ्याने एवढं थैमान घातलं की वनखात्याला मोठ्या प्रमाणावर झाडं तोडावी लागली. त्यावरचा जुना उपाय मजेदार आहे. सालाची काही झाडं पाडून त्यांचे ओंडके ठेचतात. त्या रसाच्या वासाने भुंगेरे येतात, रस पिऊन सुस्तावतात आणि गावकरी ते वेचतात. वेचलेल्या भुंगेऱ्यांचे पैसे मिळतात. एकाच जातीची झाडं दाटीने असली की असा उद्रेक होण्याची शक्यता वाढते. सह्याद्रीच्या मिश्र जंगलात ती कमी असते.

नीलवंताची अळी आमच्या लिंबाची पानं खातेय. मारू का?

कुंडीतलं रोप अगदी लहान असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. आधी ती नीलवंताचीच आहे का तेही पाहा: शहरातल्या लिंबावर बहुधा काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या लाइम फुलपाखराच्या अळ्या असतात, आणि त्या लहानपणी अशाच शिटेसारख्या दिसतात. संत्र्या-मोसंबीच्या रोपवाटिकेत या अळ्या खरोखरच कीड ठरतात. म्हणजे राज्य फुलपाखराचं गोत्रही शेतकऱ्याच्या दृष्टीने सोवळं नाही.

परागण फक्त फुलपाखरंच करतात ना?

नाही हो. फुलपाखरं आली त्याच्या कितीतरी आधीपासून भुंगेरे फुलांवर आहेत. जायफळाचं परागण मुख्यतः मुंगीएवढे भुंगेरे रात्री करतात. पावसाळ्याच्या तोंडावर उगवणारं शेवळं आणि त्याच्या कुळातलं सुरण यांच्या फुलोऱ्याला जो कुजका वास येतो, तो भुंगेरे आणि माश्या यांना बोलावण्यासाठीच. हे खरं की भिरूड परागणाच्या कामाचं नाही. त्याचं काम लाकडातलं. नीलवंत मात्र पिटकुळीसारख्या लांब नळीच्या फुलांना चांगला उपयोगी पडतो, कारण तिथवर इतरांचं तोंड पोचत नाही.

जुनं कोण आणि संख्येने जास्त कोण?

दोन्हींत भुंगेरे. त्यांचे जीवाश्म सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीपासून सापडतात. फुलपाखरं साधारण १० कोटी वर्षांपूर्वी आली. भुंगेऱ्यांच्या वर्णन झालेल्या जाती चार लाखांच्या आसपास आहेत, फुलपाखरांच्या अठरा हजारांच्या. महाराष्ट्रातल्या फुलपाखरांची यादी दोनशेच्या वर जाते आणि हौशी माणसं ती पाठ करतात. भुंगेऱ्यांची अशी यादी पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

फुलपाखरू की पतंग, भुंगेरा की ढेकणाचा भाऊबंद, हे कसं ओळखायचं?

फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी पिसासारखी किंवा दोऱ्यासारखी. भुंगेऱ्याच्या पाठीवरची झाकणं मधोमध सरळ रेषेत जुळतात. ढेकणाच्या गटातल्या किड्यांचे पंख एकमेकांवर चढतात आणि त्यांना जबड्याऐवजी टोचायची सोंड असते.

दोघांसाठी घराजवळ काही करता येईल का?

नीलवंतासाठी सोपं आहे: एक पपनस किंवा लिंबू, शेजारी पिटकुळी आणि जास्वंद, आणि फवारणी बंद. जागा असेल तर माकडलिंबू लावा. रोप शोधावं लागेल, कारण ते रोपवाटिकेत सहसा ठेवत नाहीत.

भिरुडासाठी मुद्दाम काही करू नका, विशेषतः आंब्याची बाग असेल तर. पण जंगलाला लागून जमीन असेल आणि बागेपासून दूर कडेला एखादं उंबराचं किंवा सावरीचं वठलेलं झाड उभं असेल, घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती नसेल, तर ते सरपणासाठी लगेच पाडू नका. वर्ष-दोन वर्षं उभं राहू द्या. सुतार आला की समजा, आत माल आहे.